दोन बॉम्ब आणि होमी भाभांचा हिशेब

चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी आपला पहिला अणुस्फोट घडवला. त्यानंतर आठच दिवसांनी, संयुक्त राष्ट्र दिनी, डॉ. होमी जहांगीर भाभा आकाशवाणीवरून देशाशी बोलले. भाषणाचा रोख निःशस्त्रीकरणाकडे होता. परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते त्यातील दोन आकडे. दहा हजार टन टीएनटीच्या तोडीच्या स्फोटाला सुमारे साडेसतरा लाख रुपये लागतात आणि वीस लाख टनांच्या स्फोटाला सुमारे तीस लाख. शक्ती दोनशे पट, खर्च मात्र दुपटीहूनही कमी. अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्ब यांतील भेद या विलक्षण हिशेबात सामावलेला होता.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. घरी ग्रंथ, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीत यांचा सहवास होता. १९२७ मध्ये ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले आणि पदार्थविज्ञानात रमले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या विकिरणावरील त्यांचे संशोधन आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले असताना महायुद्ध भडकले आणि परतीचा मार्ग खुंटला. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम करताना, भारतातच राहून विज्ञानाची उभारणी करण्याचा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

संस्था उभी राहिली त्याच वर्षी हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली होती. तेथे वापरलेला बॉम्ब विखंडनाचा. युरेनियम किंवा प्लुटोनियम यांच्या जड अणूचे केंद्रक न्यूट्रॉनच्या आघाताने दुभंगते, त्यातून आणखी न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि क्षणार्धात विध्वंसाची साखळी तयार होते. परंतु या बॉम्बला स्वभावतःच मर्यादा आहे. हे इंधन ठरावीक वस्तुमानापलीकडे एकत्र साठवता येत नाही आणि ते मिळवणे अतिशय खर्चाचे असते.

हायड्रोजन बॉम्बची रीत उलटी. त्यात हलके अणू फुटत नाहीत, तर जुळतात. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांपासून हेलियम तयार होतो. सूर्याच्या गाभ्यातही हायड्रोजनचा हेलियम होण्याचीच क्रिया चालते. त्यासाठी कोट्यवधी अंशांचे तापमान लागते आणि ते देण्यासाठी आत एक अणुबॉम्बच फोडावा लागतो. म्हणजे अणुबॉम्ब ही येथे केवळ काडी. एकदा ती पेटली की तुलनेने स्वस्त इंधन वाढवून शक्ती हवी तेवढी वाढवता येते. हिरोशिमावरील बॉम्ब सुमारे पंधरा हजार टनांचा होता. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेला स्फोट दीड कोटी टनांचा, म्हणजे हजार पट होता.

पुढच्याच वर्षी जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद भाभांकडे आले. ज्या संमीलनाने जग धास्तावले होते, तेच वीस वर्षांत काबूत येईल आणि समुद्रात पाणी आहे तोवर मानवाला इंधनाची ददात पडणार नाही, असे भाकीत त्यांनी तेथे केले. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, तेव्हा त्या आशेला देशी अधिष्ठान लाभले.

म्हणूनच १९६४ मधील आकडे अस्वस्थ करणारे होते. त्यांचा अर्थ नकाशावर पाहावा. महाराष्ट्राच्या सीमेलगत, त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले भैंसा हे गाव कल्पनेने मध्यभागी धरले, तर साडेसतरा लाखांचा बॉम्ब साधारण दीड किलोमीटरच्या परिघातील बहुतेक घरे पाडील. तीस लाखांचा बॉम्ब हाच परिघ जवळपास नऊ किलोमीटरपर्यंत नेईल. गावासोबत भोवतालच्या वस्त्याही जातील. शिवाय टीकाकारांनी दाखवून दिल्याप्रमाणे तो हिशेब केवळ स्फोटक साधनाचा होता. अणुभट्ट्या, प्लुटोनियमचे कारखाने, विमाने व क्षेपणास्त्रे यांचा प्रचंड खर्च त्यात धरलेला नव्हता. निःशस्त्रीकरणाची निकड सांगणाऱ्या भाषणातून बॉम्ब स्वस्त आहे, एवढाच बोध अनेकांनी घेतला.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळले आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भाभांचा अंत झाला. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९७४ मध्ये पोखरणला विखंडनाचा स्फोट झाला. १९९८ मध्ये तेथेच हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची घोषणा झाली आणि तिच्या यशाविषयी पुढे शास्त्रज्ञांतच वाद झाला. जिनिव्हात सांगितलेली वीस वर्षे १९७५ मध्येच सरली. संमीलनाची वीज अद्याप कोणाच्याही घरी पोहोचलेली नाही. संमीलनाचा बॉम्ब मात्र भाकितापूर्वीच तयार होता. भाभांच्या दोन हिशेबांपैकी विध्वंसाचा जुळला आणि दिव्याचा बाकी राहिला.