टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात गेले ते पळसगावच्या यशवंत घाडगे यांच्यामुळे. १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला, तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. कोकणातील असंख्य तरुणांप्रमाणे तेही मराठा पलटणीत भरती झाले आणि बाविसाव्या वर्षी नाईक या हुद्द्यावर एका सेक्शनचे नेतृत्व करीत इटलीत पोहोचले.

४ जून १९४४ रोजी रोम पडले होते. माघार घेणारे जर्मन सैन्य मात्र उत्तरेकडील प्रत्येक डोंगर झुंजवत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ही ठाणी एकेक करून जिंकण्याचे काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे होते. घाडगे यांची तिसरी मराठा बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

१० जुलै रोजी त्यांच्या कंपनीने अशाच एका भक्कम ठाण्यावर चढाई केली. अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. उरले एकटे घाडगे. सोबतीला कोणी नाही हे ठाऊक असूनही ते थेट मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन आणि ती चालविणारा सैनिक दोन्ही संपवले, टॉमी गनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीवर आणि पाठीवर गोळ्या झाडल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इटलीच्या रणभूमीवर दिल्या गेलेल्या अशा २० पदकांपैकी ६ भारतीय जवानांनी मिळवली. त्यात मराठा पलटणीचे दोघे : घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढलेले नामदेव जाधव. जाधव सुदैवाने परतले.

काळ मोठा विचित्र होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये बालवीर शिरीषकुमार ब्रिटिश सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत घाडगे त्याच सरकारच्या फौजेतून लढताना पडले. शिरीषकुमार महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले, ते रास्तच. घाडगे यांची ओळख मात्र माणगाव परिसर आणि सैनिकी वर्तुळापुरती राहिली. परक्या राजाचे पदक स्वतंत्र देशाने कसे मिरवावे, हा संकोच त्यामागे असावा.

त्यांच्या बटालियनचा प्रवास पुढेही चालू राहिला. १९४६ मध्ये तिचे रूपांतर छत्रीधारी पलटणीत झाले. १९५२ मध्ये ती सेकंड पॅरा झाली आणि मराठा हे नाव तिने जपले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ विमानांतून उड्या घेणारे जवान याच पलटणीचे. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम प्रवेश केला तोही त्यांनीच.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. मॉन्टे कॅसिनोजवळ, थडगी नसलेल्या सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात त्यांचे स्मारक आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरुजा प्रांतातील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले.