मुदतीतली प्रतीक्षा : विद्यार्थी बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची नामावळी आपल्या वस्त्यांतील लहान मुलांनाही मुखोद्गत असते. जयंतीच्या व्यासपीठावरून एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर-ॲट-लॉ ही अक्षरे एका दमात उच्चारली जातात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस असे वाटते की, एका दमात उच्चारलेल्या या नामावळीत दोन पदव्यांमधला काळ हरवून जातो. त्या काळात बाबासाहेबांच्या हाती पदवी नव्हती, प्रवेशाची शाश्वती नव्हती, पुष्कळदा पैसाही नव्हता. होती ती प्रतीक्षा. तिचा इतिहास सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रतीक्षेशी बाबासाहेबांची ओळख फार लवकर झाली. १९०१ सालच्या उन्हाळी सुट्टीत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, मनात प्रथमच केलेल्या रेल्वेप्रवासाचा आनंद. पत्र न पोहोचल्यामुळे वडिलांचा माणूस न्यायला आला नाही. ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याबरोबर बसण्यास राजी होईनात. अखेर गाडी मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर ती मिळाली. ती रात्र पाण्यावाचून गेली. पुढे अनेक वर्षांनी हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मपर लेखनात नोंदविला, त्याचे नावच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. आपल्याच देशात प्रवेशपत्राची वाट पाहणारा माणूस, हा त्या शीर्षकाचा आशय आम्हांस फार मोलाचा वाटतो.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यानंतर फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार झाला आणि जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे १९१५ साली ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला. प्रा. सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाचा विश्वास त्यांनी संपादन केला.

लंडनचे अध्याय येथून सुरू होतात. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे त्या काळीही सोपे नव्हते. शिफारस लागे, शुल्क लागे, पूर्वीचे शिक्षण मान्य व्हावे लागे. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना शिफारसपत्र दिले. ऑक्टोबर १९१६ मध्ये बाबासाहेबांनी ग्रेज् इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव नोंदविले. पहिले महायुद्ध पेटलेले होते. अभ्यास रंगात येत असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतणे भाग पडले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट करून ठेवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. हा कागद म्हणजे या साऱ्या कथेचा कणा होय.

परतीचा प्रवास अशुभ वार्तेने गाजला. बाबासाहेब स्वतः ‘कैसर-ए-हिंद’ या बोटीने ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले. पण त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन येणारे दुसरे जहाज टॉर्पेडोच्या माऱ्यात बुडाले. कोलंबियासाठी सिद्ध केलेल्या प्रबंधाचे हस्तलिखितही गेले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झालेल्या या विद्वानाला शहरात राहण्यास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस अकराव्या दिवशी संपले. लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राचे दार उघडले नाही, ख्रिस्ती मित्राचेही नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे सुमारे पाच तास त्यांनी बडोद्याच्या कमाठी बागेत बसून काढले.

लंडन विद्यापीठाचा कागद आणि कमाठी बागेतील ते पाच तास एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय दुसऱ्याच्या हाती होता. परंतु विद्यापीठाच्या नियमाला मुदत होती, अट होती आणि ती पूर्ण केली तर दार उघडण्याची हमी होती. जातीच्या नियमाला मुदत नव्हती. तेथे कोणतीही पदवी, कोणताही हुद्दा, कितीही वर्षांची सेवा पुरेशी ठरत नव्हती. पहिली प्रतीक्षा माणसाला तयारीस लावते. दुसरी त्याला केवळ बसवून ठेवते. बाबासाहेबांच्या पुढील आयुष्याचा अर्थ या भेदातून उलगडतो, असे आम्ही मानतो.

मुंबईतील पुढची तीन वर्षे त्यांनी कशी वापरली ते पाहण्यासारखे आहे. खाजगी शिकवण्या झाल्या, सल्लागाराचा व्यवसाय करून पाहिला. तो अस्पृश्यतेपुढे टिकला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा साडेचारशे रुपये. एवढे वेतन असूनही ते परळच्या चाळीतील दोन खोल्या सोडून गेले नाहीत. घरखर्चासाठी ठराविक रक्कम देऊन उरलेली लंडनसाठी बाजूस ठेवली जाई. त्याच काळात, जानेवारी १९१९ मध्ये, त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. लंडनचे दार पुन्हा उघडण्याची वाट पाहणारा हा विद्यार्थी दरम्यान एका मुक्या समाजाला वाचा देऊन गेला. तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे सतत जागृत राहून केलेल्या प्रयत्नाला, जे स्थान दिले त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही.

या बचतीच्या हिशेबात एक नाव पदव्यांच्या नामावळीत कधीच येत नाही. ते माता रमाईंचे. ठरवून दिलेल्या तुटपुंज्या रकमेत घर चालविणे, पतीच्या परदेशवासात मुलाबाळांची आजारपणे आणि अपत्यवियोगाची दुःखे सोसणे, हे त्यांच्या वाट्यास आले. बाबासाहेबांच्या प्रतीक्षेत ग्रंथ होते, चर्चा होत्या, ध्येयाचा प्रकाश होता. रमाईंची प्रतीक्षा चुलीपुढची होती. पुढे पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि अडचणीच्या दिवसांतील त्यांच्या सहनशीलतेचे ऋण जाहीरपणे मान्य केले. एका विद्यार्थ्याची मुदत सारे घर मिळून पाळत असते, हे ती अर्पणपत्रिका सांगते.

स्वतःची बचत, कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपण्यास तेव्हा सुमारे सव्वा वर्ष उरले होते. सकाळी अल्पसा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि रात्री पापड भाजून भूक मारणे, असा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदविला आहे. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले.

याच काळात त्यांनी आणखी एका विद्यापीठाचे दार ठोठावले होते, हे फारसे सांगितले जात नाही. जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून जर्मन भाषेत अर्ज पाठविला. एप्रिल १९२२ मध्ये तेथे त्यांची नोंदणी झाली. पण लंडनचे प्रबंधकार्य आणि पैशाची चणचण यांमुळे तेथील शिक्षण पुढे सरकले नाही आणि १९२३ च्या आरंभी अनुपस्थितीमुळे त्यांचे नाव पटावरून कमी झाले. हा तपशील झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. मिळालेला प्रत्येक प्रवेश तडीस जातोच असे नाही; बाबासाहेबांचाही गेला नाही.

डी.एस्सी.साठीचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनी १९२२ च्या अखेरीस सादर केला. १९२३ च्या मार्चमध्ये त्यात फेरबदल करण्याची सूचना झाली. परीक्षकांना त्यातील साम्राज्यविरोधी निष्कर्ष खुपले, असे परंपरेने सांगितले जाते. कारण काहीही असो, निर्णय पुन्हा पुढे गेला आणि लंडनमध्ये थांबून राहण्याइतका पैसा उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले. येथूनच त्यांनी प्रबंध सुधारून पाठविला. निष्कर्षांना मुरड घातली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली आणि प्रा. कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

कोलंबियाची पीएच.डी. तर याहूनही उशिरा हाती आली. त्या पदवीसाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास देणे आवश्यक होते. मूळ हस्तलिखित समुद्रतळाशी गेल्यामुळे बाबासाहेबांनी नवा प्रबंध लिहिला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा हा ग्रंथ १९२५ साली प्रकाशित झाला आणि १९२७ साली पदवी प्राप्त झाली. १९१३ साली ज्या विद्यापीठात पाऊल ठेवले, त्याची सर्वोच्च पदवी मिळण्यास चौदा वर्षे लागली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रहही त्याच वर्षीचा.

स्वतः एवढी वाट पाहिलेल्या माणसाने पुढच्या पिढ्यांना वाट पाहण्याचे नुसते धडे दिले नाहीत. त्यांनी ती वाट आखूड केली. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्त्यांसाठी सरकारला निधी देण्यास भाग पाडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय उभे राहिले. राज्यघटनेच्या कलम २९ ने शासकीय व शासन-अनुदानित शिक्षणसंस्थांत जातीच्या कारणाने प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५१ साली मद्रास राज्यातील महाविद्यालयीन प्रवेशांचा प्रश्न न्यायालयात गेल्यानंतर पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. जातीने अमर्याद लांबविलेल्या प्रतीक्षेला कायद्याची मुदत आणि हक्काची चौकट देणे, हे त्यांच्या शैक्षणिक कार्याचे सार होय.

सोलापूरच्या त्या वसतिगृहाची परंपरा आपल्यासारख्या निवासी शाळा आज पुढे नेत आहेत. येथून बाहेर पडलेली मुले-मुली दरवर्षी प्रवेशयादी, शिष्यवृत्तीचा हप्ता, जातवैधता प्रमाणपत्र, परदेशी विद्यापीठाचे उत्तर यांची वाट पाहतात. एखाद्या कार्यालयात फाईल अडते आणि एका हुशार मुलीचे वर्ष जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या मुलीला केवळ धीर धर म्हणणे म्हणजे बाबासाहेबांचे चरित्र अर्धेच सांगणे होय. उत्तर येईपर्यंत अभ्यास थांबू द्यायचा नाही, ही एक बाजू. आणि उत्तर विनाकारण लांबत असेल तर नियमावर बोट ठेवून ते लेखी मागायचे, ही दुसरी. १९१७ साली लंडन सोडताना बाबासाहेबांनी परवानगीचा कागद घेतला होता, हे विसरता कामा नये.

आणि तिसरी बाजू आपली, शिक्षकांची आणि संस्थाचालकांची. सेलिग्मन यांचे पत्र, शाहू महाराजांचे साहाय्य, भथेनांचे कर्ज आणि रमाईंची चूल यांपैकी एक जरी कमी पडले असते, तरी ती मुदत टळून गेली असती. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याची मुदत आज कोठे तरी संपत आली असेल. तिच्या आत त्याच्यापर्यंत पोहोचणे, हेच महामानवास खरे अभिवादन ठरेल.