डॉक्टर आयडा स्कडरबाई

मद्रास इलाख्यातील राणीपेट येथे सन १८७० मध्ये डॉक्टर जॉन स्कडर यांच्या घरी आयडा या कन्येचा जन्म झाला. आजोबाही वैद्यकी करणारे मिशनरी होते. तथापि हिंदुस्थानात राहून तेच काम करण्याची आयडाबाईंची इच्छा नव्हती. अमेरिकेत शिक्षण झाल्यावर, आई आजारी असल्यामुळे, त्या थोड्या दिवसांकरिता टिंडिवनम येथे आल्या.

तेथे एके रात्री एकामागून एक तीन गृहस्थ दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाबाईंचे वडील डॉक्टर असून घरातच होते. परंतु परपुरुषाने आपल्या स्त्रीस हात लावावा हे तिघांपैकी एकासही मान्य होईना. आयडाबाईंस तर वैद्यकी येत नव्हती. सकाळी कळले की, तिन्ही स्त्रिया मरण पावल्या.

डॉक्टर जवळ असूनही रोग्यास त्याचा उपयोग होऊ नये, हे शल्य आयडाबाईंच्या अंतःकरणात रुतले. त्या अमेरिकेस परत गेल्या, १८९९ साली कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि १९०० साली वेल्लोर येथे कामास लागल्या. १९०२ साली तेथे स्त्रियांकरिता ४० खाटांचे रुग्णालय उघडले.

पण रुग्णालय झाले म्हणून खेड्यातील दुखणाईत तेथवर पोहोचतोच असे नाही. म्हणून बाई स्वतः औषधे घेऊन बाहेर पडू लागल्या. प्रथम बैलगाडीने, पुढे मोटारीने. ठरल्या दिवशी, रस्त्यालगतच्या ठरल्या झाडाखाली, रोगी वाट पाहत बसलेले असत. त्यांत महारोगीही असत.

एकट्या बाईंच्या हातांनी हे काम पुरे पडणारे नव्हते. म्हणून १९०९ साली त्यांनी परिचारिकांची व १९१८ साली मुलींकरिता वैद्यकीची शाळा काढली. तिचेच पुढे मोठे कॉलेज झाले व १९४७ पासून तेथे मुलांसही प्रवेश मिळू लागला. सन १९६० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, बाईंनी देह ठेवला.

वाचकहो, दवाखान्याचे दार उघडे आहे एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या गावातील कोणती बाई लाजेमुळे, कोणता पांगळा उंच पायरीमुळे, कोणता म्हातारा लांबच्या वाटेमुळे घरीच पडून आहे, याचा शोध आपण घ्यावा. आणि ज्याला जी अडचण असेल, ती दूर करण्यास हात लावावा.