सेनासाहेबसुभा रघूजीराजे आणि त्यांची फिरंग

लंडनच्या लिलावात राज्य शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतलेली एक तलवार १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत आली. ती नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक रघूजीराजे (पहिले) यांची मानली जाते.

लहानपणीच पितृछत्र हरपलेल्या रघूजींनी प्रथम चुलते कान्होजी यांच्या पदरी शस्त्रविद्या आणि राजकारणाचे धडे घेतले. पुढे कान्होजी छत्रपती शाहूंच्या मर्जीतून उतरले. त्यांना आवरण्याची कामगिरी रघूजींवर आली आणि सेनासाहेबसुभा हे पदही त्यांच्याकडेच आले. १७४० मध्ये त्यांच्या फौजांनी कर्नाटकात अर्काटचा नवाब दोस्त अली याचा पाडाव केला. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन त्यांनी चंदासाहेबास कैद केले. देवगडच्या गोंड घराण्यातील वारसाकलहात मध्यस्थी करता करता त्यांनी नागपुरात पाय रोवले.

बंगालच्या मोहिमा मात्र महागात पडल्या. त्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांना १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून दगाफटक्याने मारले. रघूजी खचले नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसाचा प्रदेश आणि सालीना बारा लाखांची चौथाई त्यांच्या पदरात पडली. तथापि, या स्वाऱ्यांत बंगालच्या रयतेने भोगलेले हालही इतिहासात नोंदलेले आहेत. १७५५ मध्ये रघूजी निवर्तले.

जपानी तलवारीच्या मुठीआड दडलेल्या भागावर पुष्कळदा लोहाराचे नाव कोरलेले असते. त्यावरून आणि पोलादाच्या घडणीवरून जाणकार तिचा कर्ता ठरवतात. रघूजींच्या तलवारीवर नाव आहे ते धन्याचे. सरळ, एकधारी पाते युरोपीय बनावटीचे, म्हणूनच ती फिरंग. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघूजींचे नाव आणि पदवी लिहिली आहे.

पण नाव आणि पदवी यांवर निकाल देऊन चालत नाही. याच घराण्यातील दुसरे रघूजीही सेनासाहेबसुभा होते. त्यामुळे पात्याचा काळ, मुठीची घडण आणि अक्षरांचे वळण यांचा एकत्रित पडताळा घ्यावा लागतो. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकरांच्या खजिन्यातील कित्येक वस्तू इंग्रजांच्या हाती गेल्या. अशा परत आलेल्या वस्तूचा खरा मान तिची ओळख चोख करण्यात आहे.