मोहनदास गांधी : हस्ताक्षर आणि स्वाक्षऱ्या

मोहनदास करमचंद गांधी (२ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर – ३० जानेवारी १९४८, नवी दिल्ली) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते, वकील आणि संपादक होते. त्यांनी आयुष्यभर विपुल लेखन केले आणि त्यातील मोठा भाग स्वतःच्या हाताने लिहिला. त्यांची स्वाक्षरी मिळवण्यासाठी त्यांच्या हयातीतच लोक धडपडत असत. या हौसेचे गांधींनी एका निधीच्या साधनात रूपांतर केले. मुंबई उपनगरातील सांताक्रूझ, जुहू आणि विलेपार्ले या ठिकाणांशी त्यांच्या आयुष्यातील काही महत्त्वाचे टप्पे जोडलेले आहेत.

बालपण आणि अक्षर

राजकोटच्या शाळेत असताना चांगले अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नाही, असा गांधींचा समज झाला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत तेथील वकिलांचे आणि तेथेच शिकलेल्या तरुणांचे वळणदार अक्षर पाहून त्यांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटू लागली. सुधारण्याचा प्रयत्न त्यांनी केला, पण तोवर हाताला वळण पडून गेले होते. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरे गिरवू द्यावीत, हे मत त्यांनी आत्मकथेत याच अनुभवावरून मांडले आहे. ज्या अक्षराबद्दल लिहिणाऱ्याला कायम खंत वाटत राहिली, त्याच अक्षराला पुढे लिलावगृहांत मोठी किंमत आली.

सांताक्रूझमधील वास्तव्य

इंग्लंडमधून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईत वकिलीचा जम बसला नाही. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. १९०१ च्या अखेरीस भारतात परतल्यावर त्यांनी पुन्हा मुंबईत बस्तान बसवण्याचे ठरवले आणि गिरगावात घर घेतले. तेथे मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्याचा सल्ला दिला. गांधींनी तो नाकारला आणि जलोपचारांवर भर दिला. मुलगा बरा झाल्यावर मोकळ्या हवेसाठी कुटुंब सांताक्रूझ येथील बंगल्यात राहायला गेले. तेथून चर्चगेटपर्यंतचा पहिल्या वर्गाचा पास त्यांनी काढला होता. थेट जाणारी गाडी पकडण्यासाठी ते अनेकदा वांद्र्यापर्यंत चालत जात. पहिल्या वर्गाच्या डब्यात कधीकधी आपण एकटेच असतो, याचा त्यांना त्या काळी थोडा अभिमानही वाटे. १९०२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून बोलावणे आले आणि हे उपनगरी जीवन संपले.

सही की बोटांचे ठसे

ट्रान्सवालमधील सरकारने १९०६ मध्ये आशियाई रहिवाशांवर नोंदणीची सक्ती आणली. तीत बोटांचे ठसे देण्याची अट होती आणि भारतीयांना ती अपमानास्पद वाटली. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी झालेल्या तडजोडीनुसार नोंदणी ऐच्छिक ठरली, आणि सुशिक्षितांना ठशांऐवजी सही करण्याची सवलत मिळाली. गांधींनी ही सवलत स्वतःसाठी वापरली नाही. ज्यांना सही करता येत नाही अशा सहकाऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक घेणे त्यांना मान्य नव्हते. १० फेब्रुवारी १९०८ रोजी नोंदणीसाठी जात असताना मीर आलम याने तडजोडीच्या रागातून त्यांच्यावर हल्ला केला. जखमी अवस्थेत, रेव्हरंड डोक यांच्या घरी अंथरुणावर पडून त्यांनी ठसे दिले. सरकारने कायदा रद्द केला नाही, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोहान्सबर्ग येथे नोंदणी-दाखल्यांची होळी करण्यात आली.

डाव्या हाताचे लेखन

नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर त्यांनी ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले. कागद जहाजावरचेच होते. सुमारे दहा दिवसांत २७५ पाने झाली. उजवा हात थकल्यावर त्यांतील ४० पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. या हस्तलिखिताची हुबेहूब छापील प्रत १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. उजवा हात दुखू लागला की डाव्या हाताने लिहिण्याची सवय त्यांनी पुढेही ठेवली. त्यामुळे त्यांच्या अस्सल लेखनातच दोन भिन्न वळणे आढळतात, आणि केवळ अक्षर जुळत नाही म्हणून एखादा कागद बनावट ठरवता येत नाही.

ससून रुग्णालय आणि जुहू

मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गांधी येरवडा तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांना आंत्रपुच्छदाहाचा तीव्र त्रास झाला आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. कैदेतील गांधींचा शस्त्रक्रियेत मृत्यू झाला असता तर देशभर सरकारवर रोष ओढवला असता. म्हणून संमतीचे निवेदन तयार करण्यात आले. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी ते लिहून घेतले आणि गांधींनी पेन्सिलीने त्यावर सही केली. हात इतका थरथरत होता की आडनावातील शेवटच्या इंग्रजी अक्षरावरचा ठिपका द्यायचा राहून गेला. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले.

५ फेब्रुवारी रोजी सुटका झाल्यानंतर गांधी विश्रांतीसाठी जुहू येथे, जहाज-व्यावसायिक नरोत्तम मोरारजी यांच्या समुद्रकाठच्या बंगल्यात आले आणि मे अखेरपर्यंत राहिले. विश्रांती मात्र नावापुरतीच होती. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी विधिमंडळ-प्रवेशाच्या प्रश्नावर येथेच दीर्घ चर्चा झाल्या, पण मतभेद मिटले नाहीत. ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचे संपादनही त्यांनी येथूनच पुन्हा हाती घेतले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. तिचे नेतृत्व जमनालाल बजाज यांच्याकडे होते. किशोरलाल मशरूवालाही तिच्यात होते.

पाच रुपयांची स्वाक्षरी

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मदनमोहन मालवीय आणि इतर नेत्यांच्या सह्या आहेत. ज्यांच्या येरवड्यातील उपोषणामुळे हा करार घडला, त्या गांधींची सही त्यावर नाही. करारानंतर त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम हाती घेतले. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघून पुढील वर्षीच्या जुलैअखेरपर्यंत त्यांनी सुमारे १२,५०० मैलांचा दौरा केला आणि सुमारे ८ लाख रुपये जमवले. या निधीला त्यांनी हरिजन निधी म्हटले. ‘हरिजन’ हा शब्द पुढे दलित चळवळीने नाकारला.

याच दौऱ्यात स्वाक्षरीचा दर पक्का झाला. वही पुढे करणाऱ्याने निधीला ५ रुपये द्यावेत, मगच सही मिळेल. त्या काळी काँग्रेसच्या प्राथमिक सदस्यत्वाची वर्गणी वर्षाला चार आणे होती. म्हणजे एका सहीच्या पैशांत वीस वर्षांचे सदस्यत्व निघत असे. मिळालेली मानपत्रे आणि भेटवस्तूही ते सभेतच लिलावात काढत. जानेवारी १९३४ मध्ये मलबारमधील वडकरा येथे कौमुदी नावाची सोळा वर्षांची मुलगी एक बांगडी देण्यासाठी आणि स्वाक्षरी घेण्यासाठी आली. गांधी सही करीत असतानाच तिने दुसरी बांगडी आणि पाठोपाठ गळ्यातला हारही काढून दिला. दागिन्यांपेक्षा हा त्यागच खरे भूषण होय, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी तिच्यासाठी लिहिले. या प्रसंगावर त्यांनी लेखही लिहिला.

दौऱ्याला सनातन्यांचा कडवा विरोध होता. २५ जून १९३४ रोजी पुण्यात त्यांच्या मोटारींच्या ताफ्यावर बॉम्ब टाकण्यात आला. पाच रुपये देणारा प्रत्येक जण अस्पृश्यतेच्या विरोधात होता असे मानण्याचे कारण नाही. अनेकांना फक्त सही हवी होती. तिचे पैसे मात्र त्याच कामाला गेले.

१९४४ : पुन्हा जुहू

६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधी पुन्हा जुहूला आले. या वेळी यजमान नरोत्तम मोरारजींचे पुत्र शांतिकुमार होते. स्थानबद्धतेत १५ ऑगस्ट १९४२ रोजी सचिव महादेव देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचा मृत्यू झाला होता. प्रकृती खालावलेली असल्याने त्यांनी काही दिवस मौन पाळले. ‘मिशन टू मॉस्को’ आणि विजय भट्ट दिग्दर्शित ‘रामराज्य’ हे चित्रपट त्यांनी याच मुक्कामात पाहिले.

संग्रह आणि मूल्यनिर्धारण

गांधींच्या कागदांचे मूल्य ठरवताना संपूर्ण मजकूर त्यांच्या हातचा आहे की केवळ सही, हे प्रथम पाहिले जाते. बरीच पत्रे महादेव देसाई, प्यारेलाल आदींच्या हातची किंवा टंकलिखित असून खाली फक्त गांधींची सही आहे. सहीही एकसारखी नाही. इंग्रजी पत्रांवर बहुधा आद्याक्षरांसह आडनाव, गुजरातीत मोहनदास, आणि निकटवर्तीयांना केवळ बापू असे ते लिहीत. कोऱ्या पाकिटांच्या पाठी, वापरलेल्या कागदांचे तुकडे आणि सोमवारच्या मौनात लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसायला किरकोळ असतात, तरी आशयामुळे त्यांना वहीतल्या सुट्या सहीपेक्षा अधिक मोल येऊ शकते.

मृत्यूनंतर पत्रे ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडून मूळ प्रती किंवा छायाप्रती मिळवून शासनाने समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत १०० खंड काढले. पहिला खंड १९५८ मध्ये निघाला. साबरमती आश्रमाच्या संग्रहात सुमारे ३४ हजार पत्रे आहेत. परदेशातील लिलाव हा वेगळाच प्रश्न ठरला. हत्येच्या १९ दिवस आधी, ११ जानेवारी १९४८ रोजी ‘हरिजन’साठी लिहिलेल्या लेखाचे हस्तलिखित २००७ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये विक्रीस आले. भारत सरकारने हालचाल केल्यावर ते लिलावातून मागे घेऊन भारताकडे देण्यात आले. वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांच्याकडील गांधीविषयक कागदपत्रे २०१२ मध्ये सरकारने सदबीजकडून लिलावापूर्वीच विकत घेतली.

१९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्याचे हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले की ते पुरावशेष मानले जाते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. गांधींच्या अखेरच्या महिन्यातील कागदांनी ही मर्यादा २०२३ मध्ये ओलांडली. मजकुरावरील नवजीवन ट्रस्टचा स्वामित्वहक्क २००८ च्या अखेरीस संपला आहे. त्यामुळे गांधींची पत्रे आज कोणालाही छापता येतात, मूळ कागद मात्र परदेशी विकण्यासाठी नेता येत नाही.