केवळ मांसावर जगलेला माणूस : विल्ह्यालमुर स्टेफान्सन

आषाढ संपत आला की जुन्या नाशकापासून सिडको-सातपूरपर्यंत मटणाच्या दुकानांसमोर रांगा लागतात. श्रावणात महिनाभर वर्ज्य असलेल्या रश्श्याची कसर आधीच भरून काढण्याची ही घाई असते. तथापि त्या दिवशीही ताटात एकटे मटण कधी नसते. काळ्या मसाल्याच्या रश्श्याशेजारी बाजरीची भाकरी, कांदा, लिंबाची फोड आणि शेवटी भात असतोच. किनाऱ्यावरचा कोळी माशासोबत भात खातो, धनगराच्या शिदोरीतही भाकरी असते. धान्याचा एकही दाणा, भाजीचे एकही पान न खाता वर्षभर माणूस जगू शकतो, असे येथे कोणी सांगितले तर लोक त्याला वेड्यातच काढतील. अलीकडे मात्र शहरातल्या व्यायामशाळांमध्येही फक्त मांस, अंडी आणि चरबी खाऊन वजन उतरविण्याच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या आहेत. या आहाराचे समर्थक पुरावा म्हणून ज्याचे नाव हमखास घेतात, तो माणूस म्हणजे ध्रुवीय संशोधक विल्ह्यालमुर स्टेफान्सन. त्याचे सारे आयुष्य पाहिले तर तो पुरावा समर्थक सांगतात तितका सरळ राहत नाही.

स्टेफान्सनचा जन्म ३ नोव्हेंबर १८७९ रोजी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराकाठच्या आर्नेस या वस्तीत झाला. आईवडील आइसलँडहून पोट भरण्यासाठी आलेले स्थलांतरित. देवी आणि पूर यांनी त्या वसाहतीची दैना केली, तेव्हा या कुटुंबाने सीमा ओलांडून अमेरिकेतील डाकोटाचा रस्ता धरला. मुलाचे कागदोपत्री नाव विल्यम स्टीफन्सन असे होते. पुढे विद्यापीठात असताना त्याने ते टाकून पूर्वजांच्या वळणाचे नाव घेतले. तरुणपणी त्याने माळरानावर गुरे राखली. नॉर्थ डाकोटा विद्यापीठातून त्याला काढून टाकण्यात आले, मग आयोवा विद्यापीठातून १९०३ मध्ये तो पदवीधर झाला. हार्वर्डला तो गेला धर्मशास्त्र शिकायला आणि रमला मानववंशशास्त्रात. आइसलँडच्या एका जुन्या दफनभूमीतून त्याने मध्ययुगीन कवट्या गोळा करून आणल्या. धान्य जवळजवळ न मिळणाऱ्या, मासे, मांस व दूधदुभत्यावर जगणाऱ्या त्या लोकांचे दात किडलेले नव्हते, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली.

१९०६ मध्ये तो एका ध्रुवीय मोहिमेत सामील झाला. जहाजाने न जाता मॅकेंझी नदीच्या मार्गाने खाली उतरून मुखापाशी जहाजाची गाठ घ्यायची, असे त्याने ठरविले. जहाज ठरल्या जागी पोहोचलेच नाही. हिवाळा तोंडावर आलेला, जवळ शिधा नाही, अशा स्थितीत या तरुणाला इनुइटांच्या घरात आसरा घ्यावा लागला. आपल्याकडे शालेय पुस्तकांतून ज्यांना एस्किमो म्हणून ओळखले गेले, तेच हे लोक. त्यांच्याकडे खायला होते ते मासे. तेही बिनमिठाचे, उकडलेले किंवा गोठलेले. गंमत अशी, की स्टेफान्सनला लहानपणापासून माशांचा तिटकारा होता. सुरुवातीला त्याचे हाल झाले. काही आठवड्यांत जीभ सरावली आणि महिन्याभरात मिठाची आठवणही राहिली नाही. यजमान माशाचे डोके आवडीने खातात आणि मागचा, चरबी नसलेला भाग कुत्र्यांना टाकतात, हे त्याने पाहिले. चरबीला एवढा मान का, याचे उत्तर त्याला अनेक वर्षांनी, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात मिळायचे होते.

नंतरची दुसरी मोहीम १९०८ ते १९१२ अशी चार वर्षे चालली. प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ अँडरसन सोबत होता. १९१० मध्ये स्टेफान्सन व्हिक्टोरिया बेटाच्या परिसरातील ताम्र इनुइटांपर्यंत पोहोचला. त्यांच्यापैकी काहींनी तोवर गोरा माणूस पाहिलेला नव्हता. परतल्यावर त्याने काहींच्या फिकट केसांचा उल्लेख केला आणि वर्तमानपत्रांनी सोनेरी केसांच्या एस्किमोंचा गाजावाजा केला. या साऱ्या प्रवासात फॅनी पॅनिगाब्लुक ही इनुइट स्त्री त्याच्या सोबत होती. कातड्याचे कपडे शिवणे, शिकार सोलणे, मांस वाळविणे ही सारी कामे तिच्या हातची. ध्रुवावर अंगातले कपडे नीट शिवलेले नसले तर माणूस मरतो. त्यामुळे शिवणारीचे मोल बंदुकीइतकेच. १९१० मध्ये तिला अॅलेक्स हा मुलगा झाला. तो स्टेफान्सनचाच, मात्र त्याने ते जाहीरपणे कधी मान्य केले नाही. इनुइटांकडून जगण्याची विद्या घेणाऱ्या या माणसाने त्या विद्येतला आपल्या घरातला वाटेकरी असा झाकून ठेवला.

१९१३ मध्ये कॅनडा सरकारने त्याच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम काढली. कार्लुक हे तिचे प्रमुख जहाज ऑगस्टमध्ये बर्फात अडकले. २० सप्टेंबर रोजी स्टेफान्सन काही साथीदारांना घेऊन शिकारीसाठी किनाऱ्याकडे गेला. त्यानंतर वादळ आले आणि बर्फासकट जहाज पश्चिमेला वाहून गेले. जानेवारी १९१४ मध्ये ते बुडाले. उरलेले लोक रँगल बेटावर पोहोचले, तेथून कप्तान रॉबर्ट बार्टलेट एका इनुइट सोबत्यासह बर्फावरून शेकडो मैल चालत सायबेरियाला गेला व त्याने मदत मिळवली. तोवर ११ जणांचा बळी गेला होता. बेटावरील काहींचे अंग सुजून मृत्यू आले. सोबत दिलेले पेमिकन, म्हणजे सुके मांस व चरबी यांच्या वड्या, सदोष असाव्यात आणि त्यांत चरबीच्या मानाने प्रथिने जास्त असावीत, असा तर्क वाचलेल्यांपैकी एकाने पुढे मांडला. शिध्याची खातरजमा करण्याची जबाबदारी नेत्याची होती. नेत्याने जहाज जाणूनबुजून सोडले, हा आरोप तर त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिला.

तो स्वतः मात्र जणू काही घडलेच नाही अशा निश्चिंतपणे पुढे निघाला. मार्च १९१४ मध्ये दोन साथीदारांसह त्याने अलास्काच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या बर्फावर पाऊल ठेवले. सोबतचा शिधा संपल्यावर सील मारायचे, त्यांचे मांस खायचे आणि त्यांचीच चरबी जाळून अन्न शिजवायचे, असा बेत होता. तज्ज्ञांच्या मते खोल समुद्राच्या बर्फावर सील मिळणे अशक्य होते. ९६ दिवसांनी हे तिघे धडधाकट अवस्थेत बँक्स बेटावर उतरले, तेव्हा बाहेरच्या जगाने त्यांना मेलेले गृहीत धरले होते. पुढील दोन वर्षांत त्याने ब्रॉक, बॉर्डन, मीयन, लाहीड अशी नकाशावर नसलेली बेटे नोंदविली. १९१७ मध्ये पथकातील काहींना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, सांधे दुखू लागले, चालणे कठीण झाले. हे लोक शिकारीचे ताजे मांस टाळून साठवणीतल्या अन्नावर राहिले होते. त्यांना कच्चे आणि अर्धवट शिजवलेले कॅरिबूचे ताजे मांस देण्यात आले आणि थोड्याच दिवसांत ते चालू लागले. लिंबू-संत्र्याशिवाय स्कर्व्ही बरा होत नाही, अशी त्या काळची पक्की समजूत असताना १९१८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हे अनुभव छापून आले.

येथे थोडे थांबून कारण सांगितले पाहिजे. क जीवनसत्त्व ताज्या मांसात अल्प प्रमाणात असते, यकृतात व व्हेलच्या कातडीत त्याहून बरेच जास्त. मांस फार शिजविले, वाळविले किंवा साठविले की ते नष्ट होते. इनुइट लोक प्राण्याचा बहुतेक प्रत्येक अवयव खातात आणि बरेच काही कच्चे खातात, म्हणून त्यांना भाजीपाल्याविना भागते. बाजारातून आणलेल्या आणि तासभर रटरटवलेल्या मटणाच्या तुकड्यांना हा न्याय लागू नाही.

यशाने स्टेफान्सनचा आत्मविश्वास वाढला, तो प्रमाणाबाहेर. ध्रुव हा माणसाचा मित्र आहे, कुशल शिकारी तेथे उपाशी मरत नाही, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १९२१ मध्ये आला. त्याच वर्षी त्याने चार तरुण रँगल बेटावर वसाहतीसाठी धाडले. नेता अॅलन क्रॉफर्ड जेमतेम २० वर्षांचा. फ्रेड मॉरर हा तर कार्लुकच्या आपत्तीतून वाचून पुन्हा त्याच बेटावर आलेला. पुढे बंदूकच अन्न पुरवील या हिशेबाने सहा महिन्यांचाच शिधा दिला होता. शिवणकामासाठी त्यांच्याबरोबर होती अॅडा ब्लॅकजॅक, अलास्काची इनुपियाक स्त्री. क्षयाने आजारी असलेल्या आपल्या मुलाच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून तिने हे काम पत्करले होते. पहिले वर्ष निभावले. १९२२ मध्ये बर्फ फुटला नाही, मदतीचे जहाज पोहोचू शकले नाही आणि शिकारही आटली. जानेवारी १९२३ मध्ये क्रॉफर्ड, मॉरर व गॅले हे तिघे सायबेरियाकडे चालत निघाले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. मागे राहिलेला लॉर्न नाइट अंथरुणाला खिळला होता. त्याला स्कर्व्ही झाला होता. १९१७ मध्ये ताज्या मांसाने बरा झालेल्यांपैकीच तो एक. यावेळी ताजे मांसच नव्हते. जूनमध्ये तो गेला. त्याच्या आजारपणात सापळे लावायला व बंदूक चालवायला शिकलेली अॅडा एकटी उरली आणि ऑगस्ट १९२३ मध्ये आलेल्या जहाजाला ती जिवंत सापडली. ज्याचा सिद्धांत होता तो या काळात त्या बेटापासून हजारो मैल दूर होता.

यानंतर स्टेफान्सन मोहिमांवर गेला नाही. त्याच्या आहाराच्या दाव्यांना डॉक्टर मंडळी हसत. मग त्याने स्वतःलाच तपासायला देऊ केले. फेब्रुवारी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रसेल सेज संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली तो दाखल झाला. दुसरा होता कार्स्टन अँडरसन हा त्याचा जुना सहकारी, जो फ्लॉरिडात संत्र्यांची बाग करीत होता. खर्चाचा भार अमेरिकेतील मांस व्यापाऱ्यांच्या संघटनेने उचलला, ही बाब आजचा वाचक नजरेआड करणार नाही. सुरुवातीचे आठवडे कडक पहाऱ्यात गेले. पुढे बाहेर राहून एकूण वर्षभर दोघांनी मांसाहारच केला.

स्टेफान्सनला पहिले दोन-तीन दिवस मुद्दाम चरबी काढलेले मांस देण्यात आले. लगेच मळमळ, जुलाब आणि विलक्षण अशक्तपणा सुरू झाला. चरबीयुक्त मांस सुरू करताच दोनेक दिवसांत तो सावरला. यकृत एका मर्यादेपर्यंतच प्रथिनांचे रूपांतर करू शकते. चरबी व पिष्टमय पदार्थ दोन्ही नसतील तर निव्वळ प्रथिनांवर माणूस आजारी पडतो. माशाचा चरबीविरहित भाग कुत्र्यांना का टाकला जात असे, याचा उलगडा असा झाला. वर्षभराच्या आहारात सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक उष्मांक चरबीतून आले. गोमांस, मेंढीचे मांस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू असे सारे त्यात होते.

डॉ. मॅक्लेलन व डॉ. ड्युबॉय यांचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनाही स्कर्व्ही झाला नाही. रक्तदाब वाढला नाही, मूत्रपिंडाला इजा झाल्याचे दिसले नाही, थोडे वजन घटले. हे समर्थक सांगतात. याच तपासण्यांत शरीरातून कॅल्शियम जितके येत होते त्याहून जास्त बाहेर पडत असल्याचे आढळले. लघवीत कीटोन सतत होते. प्रयोगानंतर ग्लुकोज दिले असता शरीर काही काळ ते नीट हाताळू शकले नाही. हे कमी वेळा सांगितले जाते. शिवाय माणसे होती दोन आणि अवधी एक वर्ष. धमन्यांचे दुखणे, आतड्याचा कर्करोग किंवा हाडांची झीज यांना वर्ष नव्हे, दशके लागतात. प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि लाल मांस बहुधा कर्करोगकारक, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये केले. त्याच वर्षी ग्रीनलँडच्या इनुइटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेदाम्लांच्या चयापचयाशी निगडित जनुकांत त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून झालेले बदल आढळले. जे त्यांना मानवते ते गोदाकाठच्या माणसाला मानवेलच असे नाही.

स्टेफान्सनने नंतर लेखणी हाती घेतली. १९३५-३६ मध्ये हार्पर्स मासिकात त्याने या अनुभवांवर लेखमाला लिहिली, १९४६ मध्ये पुस्तक काढले आणि १९५६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. गंमत म्हणजे १९२८ नंतर तो चारचौघांसारखेच मिश्र अन्न खात असे. १९४१ मध्ये त्याने वयाने बरीच लहान असलेल्या एव्हलिनशी विवाह केला. १९५२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. पुढे १९५५ च्या सुमारास, पंचाहत्तरी ओलांडताना, तो पुन्हा मांसाहारावर आला. वजन उतरले, सांधेदुखी कमी झाली आणि स्वभावही सुधारला, असे पत्नीने नोंदविले आहे. त्याच्या ध्रुवीय ग्रंथसंग्रहाला न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयात जागा मिळाली आणि तो त्याच गावी, हॅनोव्हरला, स्थायिक झाला. २६ ऑगस्ट १९६२ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, पक्षाघाताच्याच दुसऱ्या झटक्यानंतर त्याचे निधन झाले. रँगल बेटावरून एकटी परतलेली अॅडा ब्लॅकजॅक त्याच्यानंतरही जवळजवळ एकवीस वर्षे जगली. १९८३ मध्ये तिने अलास्कात शेवटचा श्वास घेतला.