जॉर्ज वेस्टिंगहाउस : हवेला कामाला लावणारा माणूस

मोठी बस थांब्यावर थांबली की 'फुस्स' असा आवाज येतो. ती ब्रेकमधून सुटलेली हवा असते. हवेला या कामाला जुंपणाऱ्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनवण्याचा कारखाना होता आणि मुलाचा जीव तिथेच रमे. यादवी युद्धात ते आधी सैन्यात, मग आरमारात होते. परतल्यावर कॉलेजात जेमतेम काही महिने टिकले. (पालकांनी हे वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवू नये!)

त्या काळी आगगाडी थांबवायची म्हणजे ब्रेकवाले डब्यांच्या टपावर चढत आणि एकेका डब्याचे चाक हाताने फिरवत. पावसात, बर्फात पाय घसरून कितीतरी जण दगावले. वेस्टिंगहाउस यांनी आधी वाफेचा विचार केला, पण लांब नळीत वाफ थंड होऊन तिचे पाणी होते. पुढे आल्प्स पर्वतातील बोगदा दाबलेल्या हवेच्या यंत्रांनी खोदतात, असे त्यांच्या वाचनात आले. १८६९ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले.

पण त्यात एक मोठी खोट होती. इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. वाटेत नळी फुटली तर मागच्या डब्यांना ब्रेकच नाही. १८७२ साली त्यांनी सगळा हिशोब उलटा केला. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची आणि प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी बसवायची. नळीतला दाब कमी झाला की टाकीतली हवा ब्रेक लावते. म्हणजे नळी तुटली तर गाडी आपोआप थांबते. आमच्या मते त्यांची खरी थोरवी या उलट्या विचारात आहे. १८९३ साली अमेरिकेत असे ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले.

पुढे त्यांनी नायगाराची वीज दूरवर नेणारी यंत्रे उभारली, कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी दिली. १९०७ च्या मंदीत मात्र आपल्याच विजेच्या कंपनीवरचा ताबा गेला. १२ मार्च १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

रेल्वेच्या ब्रेकमध्ये हवा दट्ट्या ढकलते. ट्रक-बसच्या ब्रेक चेंबरमध्ये त्या जागी डायफ्रॅम, म्हणजे आत कापड घातलेला रबरी पडदा असतो. हवेने तो फुगतो, पुढचा दांडा सरकतो आणि ब्रेक लागतो. सतत दुमडून, उष्णतेने किंवा हवेसोबत आलेल्या तेलाने रबर चिरते. मग हवा गळते आणि त्या चाकाचा ब्रेक ढिला पडतो. म्हणून मागच्या चाकांना जोडीला जाड स्प्रिंग असते. गाडी चालताना हवा तिला दाबून धरते. हवा संपली की स्प्रिंगच ब्रेक लावते. विचार तोच, १८७२ चा!

सहलीसाठी बस ठरवणाऱ्या विश्वस्त व पालकांना आमची एक सूचना. गाडी सपाट जागी, चाकांना उटी लावून उभी असताना इंजिन बंद करून चालकाला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगावे. चाकांजवळ फुसफुस चालूच राहिली, तर ती गाडी आधी मेकॅनिककडे जाऊ द्यावी.